इनासमास्तरांचं रबेक

इनासमास्तरांवर काहीतरी लिहा, असं मला तीनदा सांगण्यात आलं. पहिल्यांदा मी डोळ्याच्या ऑपरेशनचं कारण दिलं. दुसऱ्यांदा वसईला जायचं आहे म्हणालो. तिसऱ्यांदा कारण उरलं नाही, तेव्हा फोनच उचलला नाही. शेवटी सिडनीतल्या आमच्या ब्लॅकटाउनच्या मराठी ख्रिस्ती मंडळींच्या स्मरणिकेत दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: ‘लॉकडाऊनच्या काळात विन्सेंटभाऊंनी मास्तरांचं व्हायोलिन घराघरांत पोहोचवलं.’

विन्सेंटभाऊ म्हणजे मी. त्या वाक्यात दोन चुका आहेत. लहान चूक अशी की मास्तर त्या वाद्याला व्हायोलिन म्हणत नसत. मोठी चूक सांगण्यासाठीच आज, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लिहायला बसलो आहे. पण आधी मास्तर कसे होते ते सांगायला हवं. नाहीतर मी काय केलं आणि कुणाच्या बाबतीत केलं हे कळणार नाही.

त्यांची माझी पहिली भेट चर्चच्या हॉलमध्ये झाली. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली होती, चहा चालू होता. काळा कोट घातलेले एक बुटके गृहस्थ कोपऱ्यात उभे होते. कोटाच्या डाव्या खांद्यावर पांढरी पूड सांडलेली आणि काखेत उशीचा अभ्रा. अभ्र्यातून वाद्याची मान बाहेर आली होती. मी आपला पुढे होऊन म्हणालो, “व्हायोलिन वाजवता वाटतं?”

“व्हायोलिन दुकानात मिळतं,” ते म्हणाले. “हे रबेक आहे.”

मला वाटलं, वेगळं वाद्य असेल. त्यांनी अभ्रा खाली केला. चार तारा, गज, सगळं व्हायोलिनच.

“हे व्हायोलिनच आहे की!”

“नाव काय तुझं?”

“विन्सेंट.”

“घरी काय म्हणतात?”

“विन्सू.”

“मग? तू दोघांतला कोण?”

तेव्हापासून मी त्यांचा विन्सू झालो. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. वसईकडच्या एका चर्चच्या मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं आणि तिथला गायकवर्गही सांभाळला होता. निवृत्त झाल्यावर मुलीकडे, सेलिनाकडे, इथे आले. पांढरी पूड म्हणजे गजाला लावायची राळ. ती कोटावर सांडायची आणि लुसीबाय, म्हणजे त्यांची बायको, ती झटकत असे. ती नसेल तिथे पूड तशीच राही.

रबेक हा शब्द त्यांना त्यांच्या गुरूंकडून मिळाला. ते गोव्याहून आलेले मेस्त, म्हणजे चर्चमध्ये मुलांना संगीत शिकवणारे शिक्षक. इनासमास्तर नऊ वर्षांचे असताना त्यांच्यासमोर ‘व्हायोलिन’ म्हणाले आणि कानाखाली खाल्ली. “नाव नीट घेता येत नाही, तो सूर काय नीट लावणार,” असं मेस्त म्हणाले म्हणे. त्या एका थपडेवर मास्तरांनी पुढची पंचाहत्तर वर्षं काढली.

इथे आल्यावर त्यांना एक छंद जडला. ब्लॅकटाउनमध्ये जगातले सगळे लोक राहतात. मास्तर जो भेटेल त्याला नाव विचारायच्या आधी विचारत, “तुमच्याकडे याला काय म्हणतात?” उत्तर शाळेच्या रेघी वहीत जायचं आणि शेजारी लाल पेनाने दहापैकी गुण. नुसतं ‘व्हायोलिन’ म्हणणाऱ्याला दोन. ते दोनही सहानुभूतीचे.

पोर्तुगीज बेकरीवाल्याची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. मास्तर मोठ्या आशेने त्याच्याकडे गेले, कारण शब्द मुळात त्याच्या देशाचा. तो तरुण म्हणाला, “व्हायोलिनो.” मास्तरांचा चेहरा पडला. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “बघ विन्सू. पोर्तुगालवाल्यालाच पोर्तुगीज येत नाही.” तेवढ्यात आतून त्याची आई आली, हात पिठाने भरलेले. ती उत्तरेकडच्या कुठल्याशा डोंगरातल्या गावची. अभ्र्यातलं वाद्य बघून ती म्हणाली, “राबेका!” आणि हवेत गज फिरवून दाखवला. तिचा मामा जत्रेत वाजवायचा. मुलगा म्हणाला, “आई, असं आता कुणी म्हणत नाही.” मास्तर त्याला इंग्रजीत म्हणाले, “यू डोन्ट से. वी से.” आणि मधुमेह असताना तीन कस्टर्ड टार्ट खाल्ले. त्या बाईला दहापैकी दहा.

मग पुढे साखळीच लागली. लेबनॉनचा न्हावी म्हणाला, आमच्याकडे रबाबा, एकच तार असते. मुलीच्या घराजवळ मास्तर ज्यांच्या आवारातल्या छोट्या घरात भाड्याने राहत ते सरदारजी म्हणाले, आमच्या गुरुद्वारात रबाब आहे. ते छेडून वाजवतात हे ऐकून मास्तर जरा विचारात पडले, मग म्हणाले, “तुमचं छेडायचं, आमचं घासायचं. पण आडनाव एकच.” बार्सिलोनाकडची एक दातांची डॉक्टर होती. मास्तरांची दाढ काढायची होती, अर्धं तोंड बधिर झालेलं, तरी त्यांनी विचारलंच. ती म्हणाली, आमच्या भाषेत रबेक. हुबेहूब तोच शब्द! जुन्या चर्चच्या कोरीव कामात देवदूताच्या हातात असतं, असंही तिने सांगितलं. बाहेर येऊन, गालात कापूस धरून, मास्तर मला सांगत होते, “बार्शिलोनात देवदूताच्या हातात आहे, विन्शू. आणि इथे माझ्या.”

अरबांनी ते स्पेनमध्ये नेलं, तिथून ते पोर्तुगालात, पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आणि आमच्या वसईत. “आणि मी ते इथे आणलं,” असं मास्तर म्हणत. जणू बाकीचे सगळे हमाल होते आणि पोहोचवण्याचं खरं काम त्यांनीच केलं.

माणसांना ते त्या त्या शब्दानेच हाक मारत. सरदारजी आले की “या रबाब!” बेकरीतल्या आजी म्हणजे राबेका. लोकांनाही त्याचं काही वाटेनासं झालं. लुसीबाय मात्र चिडवायची, “अवो, एकदा तरी कुणाला त्याच्या नावाने हाक मारा. उद्या मला काय म्हणाल?”

“तुला काय म्हणणार? तू राळ,” मास्तर म्हणत. “तू नसलीस तर आवाज निघत नाही.”

हे ते हसत म्हणत. मग लुसीबायला विसरायला होऊ लागलं. आधी चाव्या, मग रस्ते, मग माणसं. सेलिना नर्स, तिला ब्रिस्बेनला नोकरी लागली, ती तिथल्या स्प्रिंगफील्ड लेक्सला राहायला गेली. लुसीबायला ब्लॅकटाउनच्याच एका नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. सेलिना म्हणाली, दोघं तिकडे चला, तिथेही चांगली जागा बघू. मास्तर म्हणाले, “तिला आता नवीन भिंती दाखवू नकोस.” ते इथेच राहिले, एकटे. रोज सकाळी दहाला बसने जायचे, तिच्या पलंगाशी बसून वाजवायचे. गजाला राळ जास्तच लावायचे. तिचा हात अजून आपोआप त्यांच्या खांद्याकडे जायचा म्हणून.

होता होता ती मास्तरांचं नावही विसरली. एक शब्द तेवढा राहिला. मास्तरांना यायला उशीर झाला की ती दाराकडे बघून म्हणायची, “रबेक?” नर्सना काही कळेना. त्यांना वाटलं, काही दुखतंय. तिथे रोझा नावाची एक चिलीची बाई कामाला होती, पन्नाशीची. तिने ओळखलं. तिच्या आजोबांच्या गावी याला रबेल म्हणत. तिने मास्तरांना विचारलं, “ती तुमच्या वाद्याबद्दल विचारते ना?” मास्तर म्हणाले, “नाही. माझ्याबद्दल.” त्या दिवशी त्यांनी वहीत रबेल लिहिलं आणि गुण द्यायचेच विसरले.

मग महामारी आली. दुसऱ्या वर्षी सिडनीच्या पश्चिमेकडच्या आमच्या भागात कडक लॉकडाऊन लागला आणि नर्सिंग होमची दारं बंद झाली. चर्च तर बंदच होतं.

मी टपाल खात्यात सॉर्टिंगचा सुपरवायझर होतो. व्यवस्था लावणं हा माझा स्वभाव. चर्च बंद झाल्यावर मी दर रविवारी दुपारी ऑनलाइन लदीन सुरू केली. लदीन म्हणजे आमच्याकडे क्रुसापुढे, घरोघरी जमून म्हणायची प्रार्थना. एकाने मारियामातेची एकेक पदवी म्हणायची, बाकीच्यांनी म्हणायचं, “आमच्यासाठी विनंती कर.” आणि मध्ये मध्ये व्हायोलिन. मास्तरांशिवाय आमची लदीन कधी झालीच नव्हती.

पहिल्या रविवारी नुसता गोंधळ झाला. साठ घरांतून साठ वेळा, मागेपुढे, “विनंती कर, कर, कर.” कुणाच्या घरी कुकरची शिट्टी, कुणाचा कुत्रा. आणि मास्तरांचं वाद्य तुटक तुटक, दार करकरावं तसं ऐकू येत होतं. मंडळी बोलू लागली. एक बाई मला फोनवर म्हणाली, “विन्सेंटभाऊ, मास्तरांचा मान आहे हो, पण माझ्या सासूबाईंनी कानातलं यंत्र काढून ठेवलं.”

माझी सून तांत्रिक बाजू बघत होती. ती म्हणाली, “पप्पा, जस्ट म्यूट एव्हरीवन. तुम्ही एकटे म्हणा, बाकीचे घरी म्हणतील.”

“आणि मास्तर?”

“ही वोन्ट नो. डोळे मिटूनच वाजवतात ना ते?”

मी सगळ्यांचा आवाज बंद करू लागलो. मास्तरांचाही. त्यांना सांगितलं नाही. सांगेन, सांगेन म्हणत राहिलो. पडद्यावर ते कोट घालून बसलेले दिसत. त्यांची जागा आली की उठून वाजवत. मी त्या वेळी रेकॉर्ड केलेलं संगीत लावायचो. वाजवताना ते आपला स्पीकर अगदी बारीक करत, म्हणून त्यांना ते ऐकू जात नसे. वाजवून झालं की डोळे उघडत, तेव्हा साठ घरांतून लोक टाळ्यांचे हात करत असायचे. माया होती, म्हणूनच करत होते. मास्तर मान लववत. पडद्यावरच्या माइकवरची, आवाज बंद असल्याची लाल खूण त्यांना दिसायची. त्यांनी मला एकदा कौतुकाने विचारलंही, “लाल लागलं की रेकॉर्डिंग चालू, नाही का?”

मी म्हणालो, “हो मास्तर.”

मास्तर आमच्यासाठी वाजवत नव्हते, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या रविवारपासून रोझा दर खेपेला लुसीबायसमोर टॅब्लेट उभा करून देत असे. आठवड्यातला तो एक तास त्यांना बायकोजवळ बसता येत होतं. शनिवारी ते मला फोन करून उद्याच्या चाली सांगत. “ही तिला लग्नाआधीपासून आवडते,” “ही वाजवली की ती पाय हलवते.” मी हं हं करत असे. लदीन आता शिस्तीत चालली होती. वसईहूनही लोक जोडले जाऊ लागले होते. सगळे माझं नाव घेत होते. मला ते आवडत होतं, हेही लिहायला हवं.

असे बारा रविवार गेले. सोमवारी रोझाचा फोन आला. माझा नंबर तिला निमंत्रणाच्या मेलमधून मिळाला होता.

“मिस्टर विन्सेंट, त्यांच्या वाद्याचा आवाज इथे येत नाही. कधीच नाही आला. मला वाटलं आमचं मशीन खराब आहे, काल दुसरं आणलं. तेच.”

“नेटवर्क असेल,” मी म्हणालो.

“ती त्यांना बघते. मग मला विचारते, रबेक? रबेक? बोट असं स्क्रीनवर ठेवते. मी तिला काय सांगू?”

“मी बघतो.”

“त्यांना मी बोलले नाही. वाईट वाटेल त्यांना. तुम्ही तेवढं नीट करा, प्लीज. येत्या रविवारी.”

“नो वरीज,” मी म्हणालो. हेच शब्द. इतक्या वर्षांत ते तोंडात बसले आहेत.

त्या रविवारी वसईहून एक फादर खास हजर राहणार होते. नव्वदच्या वर घरं जोडलेली. मास्तर उठले, हनुवटीखाली रुमाल घातला, डोळे मिटले. त्यांच्या नावापुढचं बटण माझ्या बोटाखाली होतं. एकदा दाबायचं होतं. मी विचार केला, आज फादर आहेत, आज करकर नको. पुढच्या खेपेला.

पुढच्या शनिवारी मी ठरवून त्यांना फोन लावला. म्हटलं आधी खरं सांगू, मग उद्या आवाज उघडू. पण उचलल्या उचलल्या मास्तरच बोलत सुटले. सरदारजींच्या पलीकडे ब्राझीलचं कुटुंब राहायला आलं होतं, मास्तरांनी कुंपणावरून विचारलं होतं, त्यांच्याकडेही राबेका, आणि अजून वाजवतात. “जिवंत आहे, विन्सू! तिकडे जिवंत आहे!” इतके खूश होते. मी काही बोललो नाही. आणि बोललो नाही म्हणून रविवारी बटणही दाबलं नाही. आवाज अचानक सुरू झाला तर आधी बंद होता हे उघड होईल, अशी भीती वाटली. माझ्या अब्रूची भीती. दुसरं काही नाही.

बुधवारी लुसीबाय गेली.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. सेलिनाच्या क्वीन्सलँड राज्याची सीमा बंद, त्यामुळे पोटची मुलगी येऊ शकली नाही, ती फोनच्या पडद्यावर रडत होती. दहांत मास्तरांनी मला घेतलं. सरदारजींना घेतलं. रोझा कामावरून तासाभराची सुटी काढून आली होती. गायला बंदी होती, वाजवायला नव्हती. कबरीपाशी मास्तर उभे राहून वाजवत होते. सूर स्वच्छ होता. किती महिन्यांनी मी त्यांना ऐकत होतो. ते इतकं चांगलं वाजवतात हे मी विसरलो होतो.

झाल्यावर ते माझ्याकडे आले. मास्क भिजला होता. दीड मीटरचं अंतर विसरून त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “चौदा रविवार ऐकलं तिने. तुझ्यामुळे. रोझा सांगत होती, ती बोटं हलवायची. तू नसतास तर ती माझ्याविना गेली असती.”

रोझा त्यांच्या मागे उभी होती. तिने मास्कवरून माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग पुढे होऊन तिने मास्तरांच्या खांद्यावरची पूड झटकली आणि कामावर निघून गेली.

त्यानंतर मी तीनदा मास्तरांकडे गेलो, सांगायचं म्हणूनच गेलो. एकदा सरदारजी जेवण घेऊन बसले होते. एकदा मास्तर लुसीबायचे कपडे काढून ठेवत होते, मीही घड्या घालू लागलो. तिसऱ्यांदा आम्ही दोघंच होतो. चहा झाला, दुसरा झाला. ते तिच्याबद्दल बोलत राहिले, आणि प्रत्येक गोष्ट शेवटी त्या चौदा रविवारांशी येऊन थांबायची. माणूस ज्या फळीवर उभा आहे तीच काढून घ्यायची का, असं मी स्वतःला विचारलं. तेव्हा तो मला मोठा समंजस विचार वाटला. आता वाटतं, फळी त्यांची होती, तिच्याआड लपलो होतो मी.

सीमा उघडल्यावर सेलिना गाडी घेऊन आली आणि त्यांना स्प्रिंगफील्ड लेक्सला घेऊन गेली. दोन वर्षांनी मास्तर तिकडेच वारले. मधल्या काळात फोन व्हायचे, मी ऐकायचो. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेला गेलो होतो, शवपेटीजवळ उभा राहिलो. पण जिथे उत्तर मिळू शकत नाही तिथे काही सांगणं, हे मला फारच सोयीचं वाटलं. म्हणून तिथेही बोललो नाही.

मला आठवते ती त्यांच्या निघण्याची सकाळ. सामान फार नव्हतं. रबेक मास्तरांनी मागे ठेवू दिलं नाही, मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. मी तीन वाक्यं पाठ करून गेलो होतो. मास्तर, तुमचा आवाज मी बंद केला होता. लुसीबायने काहीच ऐकलं नाही. मला माफ करा. सकाळपासून आरशासमोर म्हणत होतो, जीभ अडखळत नव्हती.

सेलिनाने गाडी सुरू केली. मी खिडकीशी गेलो. मास्तरांनी काच खाली केली.

“काय रे विन्सू? चेहरा असा का?”

“मास्तर—”

“बोल ना.”

सेलिना आरशात मागे बघत होती. मास्तर माझ्याकडे बघत होते, शाळेत उत्तर अडलेल्या पोराकडे बघावं तसे, काहीही घाई नसल्यासारखे. मी तोंड उघडलं. पहिलं वाक्य अगदी ओठांवर होतं.

“सीटबेल्ट लावा,” मी म्हणालो.